नारूदादाचा 'रे'

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. मिठागरात एकदा पाणी आत सोडलं की मीठ धरतंच, तसं आहे हे. आमच्या पार्टीत पाणी सोडायचं काम माझं. मी काडी करायची, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात किस्सा तयार! पण ह्या खेपेचं मीठ माझ्याच डोळ्यांत गेलं.

पार्टी म्हणजे गाण्याची पार्टी. लग्न, हळद, पूजा, कुणी बोलवेल तिथं. आम्ही चौघं. गायला नारूदादा. बेंजोवर काशीनाथमामा, रत्नागिरीचा, तोंडात कायम लवंग आणि कपाळावर कायम आठी. गिटारवर उत्तनचा पास्कल. आणि खुळखुळा वाजवायला मी, पक्या. सातवीला दोनदा बसलो. तिसऱ्यांदा शाळेनेच उभं केलं, गेटच्या बाहेर!

*

नारूदादाची रेकॉर्ड निघालेली. एकच, पण काय ती रेकॉर्ड! उत्तनपासून पेणकरपाड्यापर्यंत एक मांडव असा नाही जिथं ती भोंग्यावर वाजली नाही. त्या गाण्याच्या शेवटी दादाचा एक 'रे' आहे. बारीक, लांब, खाडीवरून बगळा गेल्यासारखा. जातोय, जातोय, संपतच नाही. बायका म्हणायच्या, नारूचा 'रे' सुरू झाला की चुलीवर चहा ठेवावा, संपेपर्यंत उकळतो.

भाईंदर स्टेशनजवळचा गुजराती वाणी तर त्याशिवाय दादाला साखरच द्यायचा नाही. "पेला 'रे' संभळावो, पछी खांड!" दादा पण हसत हसत गायचा आणि दुकानातली माणसं टाळ्या वाजवायची.

एक दिवस दादा नुसता खोकला. "आज घसा बसलाय, शेठ."

दुसऱ्या दिवशी पण घसा बसलेला. तिसऱ्या दिवशी दादा दुकानापर्यंत गेला आणि तसाच मागे फिरला. घरी गुळाचा चहा सुरू झाला.

वहिनी मला बाजूला घेऊन विचारते, "पक्या, खरं सांग. ह्यांचं वाण्याशी भांडण झालंय का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी, दादाला गूळ आवडायला लागलाय." मला तरी कुठं काय माहीत होतं!

*

मला कळलं ते माझ्याच काडीमुळे. पेणकरपाड्याला पूजा होती. माझ्या डोक्यात आलं, ऐन 'रे'च्या वेळी भोंग्याच्या मशीनमधली माइकची पिन उपसायची. मागची माणसं "आवाssज! आवाssज!" ओरडतील, दादा चिडेल, आपण साळसूद चेहरा करायचा. मस्त प्लॅन!

'रे' आला. मी पिन उपसली. भोंगा गप्प.

दादाचं तोंड एवढं मोठं उघडं, मान वर, डोळे मिटलेले, गळ्याची शीर दोरीसारखी ताणलेली. आणि आवाज? नुसती हवा! सायकलच्या व्हॉल्व्हमधून निघते ना, तेवढीच. 'रे' चालू होता तो मामाच्या बेंजोवर. मामा एकच तार थरथरवत होता. दोघांत माइक एक, आणि भोंग्यातून आलं की बेंजो काय नि माणूस काय, लांबून सगळं सारखंच.

पिन परत घातली ती चुकीच्या भोकात. करकर, करकर! मग एकदाची बरोबर बसली. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. पण दादाने डोळे उघडले होते. तो माझ्या हाताकडे बघत होता.

नंतर मांडवामागे दादाने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," मामाने लवंग चावली. "डॉक्टर म्हणतो वरचा आवाज गेला, परत यायचा नाही. खालचा राहील."

"खालच्या आवाजाला कोण बोलावतंय, मामा?" दादा म्हणाला. "लोक मला नाही बोलावत. 'रे'ला बोलावतात. हे बाहेर फुटलं की माझा मांडव संपला."

आणि हे गुपित आता कुणाकडे? ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याच्याकडे! मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "पोरगा आजारी आहे, कुणाची खोडी काढली नाही आज."

*

मग पास्कलने तबकडी आणली. त्याचा मावसभाऊ बोटीवर नोकरीला, तो कुठूनतरी घेऊन आलेला. पास्कलच्या घरी बसून ऐकली. गिटार अशी वाजत होती की पत्र्यावर कुणीतरी खिळा ओढतंय, आणि त्यावर एक गोरा जिवाच्या आकांताने ओरडतोय.

मामा म्हणाला, "ह्याचा दात काढतायत का?"

"मामा, ही नवी स्टाईल हाय!" पास्कल उसळला. "यात बारीकबिरीक काय नसतं. छातीतनं ओरडायचं. घसा फाटला तर पब्लिक खुश होते!"

दादा ताठ बसला. "फाटला तर चालतो?"

"फाटलाच पाहिजे!"

"मग माझी तयारी झालेलीच आहे," दादा म्हणाला.

आम्ही खो खो हसलो. दादा नाही हसला. म्हणाला, "पास्कल, परत लाव." मग परत. आणि परत. सात वेळा लावली. सातव्यांदा त्याचे ओठ हलत होते आणि कपाळावर घाम होता.

मामाने बेंजो खोक्यात घातला. "नारू, शिमग्याला माणूस बोंब मारतो, पण वर्षातून एकदा. आणि त्याला कुणी माइक देत नाही!"

*

आता ही बोंब शिकायची कुठं? घरात शक्य नाही, शेजारी पोलीस बोलावतील. म्हणून आम्ही भर दुपारी मिठागरात जायला लागलो. लांबपर्यंत माणूस नाही, नुसते मिठाचे ढीग. पास्कल सूर द्यायचा आणि दादा बांधावर उभा राहून ओरडायचा. पहिले दोन दिवस बगळे उडाले. तिसऱ्या दिवशी तेही उडेनात.

चौथ्या दिवशी दादाला एकदम जमलं. असा ओरडला की माझ्या हातातला खुळखुळा खाली पडला! आणि तेवढ्यात बांधावरून आठ-दहा कामगार पळत आले. पुढं मुकादम, हातात दोरी.

"कुठं चावला?"

कुणाला काही कळायच्या आत दोघांनी दादाला आडवं पाडलं. मुकादमाने त्याच्या पोटरीला दोरी आवळून बांधली. दादा सांगायला गेला, पण ओरडून ओरडून घसा बंद! नुसतं "गा… गा…"

"वाचा गेली," मुकादम म्हणाला. "नागच आहे."

पास्कल मध्ये पडला, "अरे सोडा, तो गातोय!"

मुकादमाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "ह्याला पण चावलाय काय?"

*

नवी स्टाईल म्हणजे नवे कपडे. दादाने पँट शिवून घेतली, मांडीला घट्ट आणि खाली एवढी घोळदार की चालताना अंगण झाडलं जाईल. घालून घरात फिरून दाखवली. वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "लुगडं नेसायचं होतं तर सांगायचं ना, माझं दिलं असतं!"

दादा आरशापुढं उभा होता. हळूच मला म्हणाला, "पक्या, लोक पँटीला हसले तर बरं होईल. तेवढा वेळ गळ्याकडे कुणी बघणार नाही."

*

आता माझी सगळ्यात मोठी काडी. राई गावात एक हळद ठरली होती, तिथंच दादा नवं गाणं पहिल्यांदा म्हणणार होता. मला वाटलं, जाहिरात करावी. मी राईत जाऊन प्रत्येक ओटीवर सांगितलं, "नारूदादाचं नवं गाणं फार जहाल आहे! म्हाताऱ्यांनी कानात कापूस घालून या. बकऱ्या बांधून ठेवा. गेल्या वेळी मिठागरात दहा माणसं धावत आली!" शेवटचं तर खोटं पण नव्हतं!

झालं! हळदीला राई येणार, शेजारचं मुर्धा येणार, अर्धं भाईंदर येणार. दादाला कळलं तेव्हा म्हणाला, "अरे गाढवा, मला दहा माणसांसमोर पडायचं होतं. तू हजारांसमोर पाडतोयस."

आणि वर राईतून निरोप आला, भिवरीआजीचा. ही तिथली धवलारीण. लग्नाची सगळी गाणी हिला तोंडपाठ, हिने तोंड उघडल्याशिवाय राईत हळद लागत नाही. नवरी तर हिचीच नात. निरोप घेऊन आलेला माणूस घाबरत घाबरत म्हणाला, "आजी म्हनते, आदी नारूचा 'रे' व्हईल, मंग काय बोंब मारायची ती मारा. 'रे' न्हाय तर पार्टी न्हाय."

मामाने खोका उघडला आणि बेंजोच्या तारा लावायला बसला. म्हणाला, "मी आहे, नारू. 'रे' मी काढतो. तू फक्त तोंड उघड."

*

हळदीच्या दिवशी मांडव एवढा भरला की पोरं आंब्यावर चढून बसली. पहिल्या चार रांगांत बायका, सगळ्यांच्या कानात पांढरा कापूस! मला स्वतःच्या कर्तबगारीची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मांडवाच्या खांबाला एक बकरी पण बांधून ठेवलेली.

भिवरीआजी सगळ्यांत पुढं, डोक्यावरून पदर, दोन्ही हात हळदीने पिवळे. तिने आपलं गाणं संपवलं आणि बोट केलं. "हां नारू. चल."

गाणं सुरू झालं. दादाचा खालचा आवाज ठीक होता. कडवी गेली. लोक डोलत होते. मी मशीनच्या बाजूला, खुळखुळा हलवतोय पण लक्ष मामाच्या बोटांकडे. 'रे' जवळ आला. मामाने बोट तारेवर ठेवलं.

आजीने पिवळा हात वर केला. "मास्तर, हात वर!"

मामाने दोन्ही हात वर केले, पोलिसाने पकडल्यासारखे.

"बेंजोचा 'रे' मला नको," आजी म्हणाली. "पेनकरपाड्याच्या पूजेला ऐकला तो. मानसाचा पायजे."

पास्कलची गिटार थांबली. मामा माझ्याकडे बघतोय, मी मामाकडे. म्हणजे मी पिन उपसली तेव्हा ही तिथंच होती! दादाचं तोंड उघडं, मान वर, शीर ताणलेली. मी पटकन पिनेवर हात ठेवला. उपसली असती तर सगळं मशीनवर ढकलता आलं असतं. दादाने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

आणि मग दादा ओरडला.

मिठागरात ओरडायचा तसा नाही. फाटका, खरखरीत, ओहोटीला होडी खडकावर घासत जावी तसा. गाणं तेच, जागा तीच, शब्द तोच, 'रे'. पण बगळा नव्हता आता तो. बकरीने दोरी तोडली आणि बायकांमधून उड्या मारत पळाली. कुणी हसलं नाही.

संपला. चहा उकळला असता एवढा वेळ चालला. दादा उभा, छाती भात्यासारखी हलतेय, पँटीची घोळदार टोकं थरथरतायत. टाळी नाही, शिवी नाही. सगळी राई भिवरीआजीकडे बघतेय.

आजी उठली. सावकाश चालत दादापुढं आली. पदर मागं सारला. उजव्या कानातून कापसाचा बोळा काढला. मग डाव्या कानातून काढला. दोन्ही पिवळे झालेले बोळे तिने मामाच्या वर केलेल्या हातात ठेवले.

"धर," मामाला म्हणाली. मग दादाकडे वळली. "आता परत म्हन. आता ऐकते."