इथे तर चालतोय की!

माझे काका पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात, असं निदान दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात ते गिऱ्हाइकांना खोटं पाडतात. बाई सांगते, "घरी सुरूच होत नाही हो." काका प्लग लावतात, मिक्सर घुर्रर्र करतो, आणि काका चष्म्यावरून बघत पोटातून आवाज काढतात, "इथे तर चालतोय की!" मग पुढचा घाव: "तुमच्याकडून पडला असणार." बाई बिचारी गुन्हेगारासारखी घरी जाते.

अशात काकांच्या नव्या फोनच्या अंगात आलं. स्क्रीनचा वरचा कोपरा हात न लावता दाबला जायचा आणि फोन लागायचा. तोही कुणाला? नेमका त्याच कोपऱ्यात जुना नंबर असलेल्या पक्कडला!

पक्कड म्हणजे काकांचा जुना भागीदार. एकदा मुद्दा धरला की सोडत नाही, म्हणून हे नाव. नव्या पाटीवर पहिलं नाव कुणाचं, या जागतिक प्रश्नावरून दोघांचं फाटलं आणि त्याने बरोबर समोरच दुकान थाटलं. "मरेन, पण आधी फोन करणार नाही," ही काकांची प्रतिज्ञा. आता त्यांचा फोन ती दिवसातून चारदा मोडत होता. पक्कड गल्लीभर सांगत सुटला, "करतो बिचारा, पण तोंडातून शब्द फुटत नाही."

"नंबर उडवून टाका ना, काका."

"उडवायला तो कोण एवढा मोठा लागून गेलाय?"

स्वतः फोन उघडावा, तर वॉरंटी जाणार. काका स्क्रू ड्रायव्हर उचलायचे, उसासा टाकायचे, ठेवून द्यायचे. शेवटी मला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले.

काउंटरवरची ताई साखरेत घोळलेली. काकांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, सर." मग सगळी तक्रार ऐकून घेतली, फोन उलटापालटा केला, स्क्रीनवर दहा ठिकाणी बोट फिरवलं.

"सर, इथे तर चालतोय की."

मी बाही तोंडात कोंबली.

"पडला होता का, सर?"

"अहो, पडला नाही! मी काय खोटं बोलतोय?"

"तसं नाही, सर. कस्टमरच्या लक्षात राहत नाही कधीकधी. पण फॉल्ट समोर दिसल्याशिवाय वॉरंटीत घेता येत नाही."

मग काय, बसलो. इतके दिवस जो फोन लागू नये म्हणून काका घाम गाळत होते, त्यालाच आता गोंजारत होते, "लाग रे बाबा. एकदाच लाग." तो ढिम्म. आणि काका कंटाळून उठणार, तोच लागला! ताईने तपासायला म्हणून झटकन स्पीकर सुरू केला.

"हां, बोल," पक्कडचा नाकातला आवाज सगळ्या सेंटरभर घुमला. "परत गप्प? अरे, रोज करतोस नि बोलत नाहीस... तब्येत-बिब्येत ठीक आहे ना तुझी?"

काकांचं तोंड उघडलं. समोर सगळे काकांकडे बघत होते.

"दिसला फॉल्ट!" ताईने आनंदाने फोन कापला. "काळजी करू नका, सर. आता तुमच्याकडून यांना कॉल जाणारच नाही."

स्क्रीन फुकट बदलून मिळाली. फोन गुणी बाळासारखा गप्प. काका तो उलटा करून बघायचे, सुलटा करून बघायचे. "जरा जास्तच चांगली बसवली त्यांनी," एकदा पुटपुटले. समोर पक्कडही आपला फोन हलवून कानाला लावत होता.

आणि एका सकाळी पक्कड रस्ता ओलांडून आला. बगलेत टेबलफॅन. गावातले निम्मे पंखे ज्याने उघडलेत, तो माणूस!

"हा... मध्येच बंद पडतो," तो पंख्याकडे बघत म्हणाला.

काकांनी प्लग लावला. पंखा झकास फिरला. त्यांचं ठरलेलं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायला मी ओठ तयार ठेवले.

काकांनी चष्मा वर ढकलला. "असले फॉल्ट लगेच दिसत नाहीत. बस. वेळ लागेल."

पक्कड बसला. मग दोघांनी मिळून त्या सर्व्हिस सेंटरला मनसोक्त शिव्या घातल्या. पंखा संध्याकाळपर्यंत एकदाही थांबला नाही.

"बघितलंस?" काका गंभीरपणे म्हणाले. "उद्या परत आण."