इराला नववीत जायचं होतं

इराला कॉलेजच्या होस्टेलवर सोडलं तेव्हा ती चौदा वर्षं आणि दोन महिन्यांची होती. ऑगस्टचा महिना, अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलहून नऊ तासांचा ड्राइव्ह, मागच्या सीटवर तिची उशी, टेबल-लॅम्प आणि मी केलेल्या चकल्यांचा डबा. खालच्या काउंटरवरच्या मुलीनं इराकडे हसून बघितलं आणि मला विचारलं, "आणि इथे राहायला येणारी मोठी मुलगी कुठंय?" मी इराकडे बोट दाखवलं. ती मुलगी ओशाळली. मला मात्र, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी अभिमानच वाटला.

इरा अल्पवयीन असल्यामुळे प्रत्येक फॉर्मवर आमची सही लागत होती. तापाची गोळी घ्यायला, पोहायला, शहरात बसनं जायला. इतक्या सह्या करताना मनात एकदाही आलं नाही की ज्या मुलीला क्रोसिन घ्यायला आईची सही लागते तिला आपण इथं का सोडतोय. चादर मी घातली. इरानं खिडकी उघडून बघितली, पुन्हा लावली, एका हातानं मला मिठी मारली आणि म्हणाली, "यू कॅन गो नाऊ, आई. आय ॲम फाइन."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नुसता मका. संदीपनं, माझ्या नवऱ्यानं, हायवेवरच्या पहिल्याच रेस्ट एरियात गाडी थांबवली. तिथं उतरला, मागचं दार उघडून रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिला. "हिची ती लहानपणची बूस्टर सीट आपण कधी काढली गं?" त्यानं विचारलं. मी हिशेब केला. सहा वर्षं झाली होती.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी "इराच्या यशाबद्दल लिहा" असा आग्रह मला तेव्हा झाला होता. लिहायचं राहून गेलं. आता लिहिते आहे, पण यशाबद्दल नाही. वर्ध्याला राहिलेल्या माझ्या ताईनं हे वाचावं आणि माझ्यासारखंच बॅगा भरून इकडे आलेल्यांनीही वाचावं, म्हणून.

मी स्वतः घर सोडलं ते पंचविसाव्या वर्षी, लग्न होऊन. नागपूरच्या विमानतळावर अण्णा आले होते, माझे वडील. गणिताचे मास्तर. आयुष्यभर फळ्यावर लिहून उजवा खांदा जरा खाली गेलेला. त्यांनी माझी बॅग उचलून बघितली, "वजन बरोबर आहे," म्हणाले, आणि मागं वळले. रडताना कुणी बघू नये म्हणून ते वळले, हे मला ताईनं पुढं फोनवर सांगितलं.

अण्णांवर माझा एक जुना राग होता. मी चौथीत असताना आमच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, हिला पाचवी गाळून एकदम सहावीत बसवू. अण्णा नाही म्हणाले. "हुशारी कुठं पळून चालली का?" हे त्यांचं वाक्य. "राहू द्या तिला तिच्या वयाच्या पोरींत." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं इंजिनिअरिंगला मनासारखी ब्रँच मिळाली नाही, इथं आल्यावर कित्येक वर्षं नोकरीची परवानगी नव्हती, तेव्हा कारण नसताना मला ते गाळायचं राहिलेलं वर्ष आठवायचं. आपल्याला कुणीतरी अडवून धरलं होतं, असं वाटायचं. आपल्या लेकराला आपण अडवायचं नाही, हे मी इरा पोटात असतानाच ठरवून टाकलेलं होतं.

आणि इरा तर काय, तीन वर्षांची असताना हायवेवरच्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायची. पहिलीत तिची टेस्ट झाली. शाळेतल्या बाईंनी आम्हाला छोट्या खुर्च्यांवर बसवून सांगितलं की ही नुसती गिफ्टेड नाही, हायली गिफ्टेड आहे. मी तो शब्द घरी येईपर्यंत गाडीत मनातल्या मनात म्हणत होते. दुसरीतून ती थेट चौथीत गेली. तिथंही तिला कंटाळा यायला लागला, किंवा तिला कंटाळा येतो असं आम्ही म्हणायला लागलो. मग कुणीतरी त्या ऑनलाइन शाळेबद्दल सांगितलं. चार वर्षांचं हायस्कूल दोन वर्षांत. जे येतंय त्याची परीक्षा द्या, क्रेडिट घ्या, पुढं चला. शेवटी रीतसर हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे आपल्याकडची बारावी पास.

मी तिला विचारलं होतं. हे मला स्वतःला वारंवार सांगावं लागतं. जेवणाच्या टेबलाशी बसून मी म्हटलं, "इरा, तुला करायचंय ना हे?" ती सीरियल खात होती. म्हणाली, "शुअर." मी ते 'हो' म्हणून ऐकलं.

पुढची दोन वर्षं ती त्याच टेबलाशी बसून होती, लॅपटॉप आणि हेडफोन. दुपारी तीन वाजता शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबायची आणि तिच्या वयाची मुलं खाली उतरायची. ती मान वर करून बघायची. बस गेली की पुन्हा मान खाली. मला वाटायचं, डोळ्यांना विश्रांती देतेय.

डिप्लोमा जाड पुठ्ठ्याच्या पाकिटातून पोस्टानं आला. आम्ही गाऊन आणि टोपी मागवून बॅकयार्डात फोटो काढला. एकटीनंच टोपी उडवली, एकटीनंच झेलली. गणपतीत मंडळानं स्टेजवर सत्कार केला तेव्हा तिच्या वतीनं मीच गेले, ती तोवर कॉलेजला पोचली होती. देशपांडे काकूंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "नाव काढलं गं पोरीनं," म्हणाल्या.

पहिल्या सत्रात सगळे ए. दुसऱ्या सत्रात तिचे मेसेज आखूड होत गेले. "बिझी." "लेटर." एकदा नुसता बर्फाचा फोटो. मार्चमध्ये मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तिच्या ॲडव्हायजरचा फोन आला. इरा पाच आठवडे एकाही वर्गाला गेली नव्हती.

आम्ही तसेच निघालो. खोलीत ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कपड्यांचा ढीग, न उघडलेली पुस्तकं. उठून बसली तेव्हा तिच्या गळ्याची हाडं मला दिसली. तिची रूममेट पंधरा वर्षांची, तिच्यासारखीच लवकर कॉलेजात आलेली, चुणचुणीत पोर. ती आम्हाला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "इरा खूप चांगली आहे. ती कशालाच नाही म्हणत नाही. मला वाटतं तिला ते येतच नाही."

ती रूममेट तिथं मस्त फुलली, अजूनही आहे. म्हणून मी त्या कॉलेजला नावं ठेवत नाही, त्या ऑनलाइन शाळेलाही नाही. काही मुलांसाठी ती वाट असते. आपलं मूल त्यातलं आहे का, हे बघायचं काम माझं होतं.

घरी आल्यावर इरा बरेच दिवस झोपूनच होती. डॉक्टर झाले, थेरपिस्ट सुरू झाली. मे महिन्यात एका सकाळी ती खाली आली, माझ्यासमोर बसली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून काहीतरी मागितलं.

"आई, कॅन आय गो टु नाइन्थ ग्रेड?"

मला आधी कळलंच नाही. ती घाईघाईनं सांगायला लागली. अगदी साधं नाइन्थ ग्रेड. लॉकर असतो तसा. लंचला एका टेबलावर सगळे बसतात तसं. मॅथ येतं ते पुन्हा करीन, आय डोन्ट माइंड. बोलताना तिचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "अगं, त्यात काय, उद्याच जाते मी."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इथल्या हायस्कूलमध्ये गेले. काउन्सेलर बाई फार सौम्य होत्या. त्यांनी इराची सगळी फाइल बघितली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पण हिच्याकडे डिप्लोमा आहे."

मी म्हटलं, हो.

"जो विद्यार्थी हायस्कूलमधून ग्रॅज्युएट झालाय त्याला आम्हाला पुन्हा प्रवेश नाही देता येत."

"ती चौदा वर्षांची आहे," मी म्हटलं.

"आय नो. आय ॲम सो सॉरी."

मग मी त्यांना जे विचारलं ते आठवलं की अजून लाज वाटते. मी विचारलं, "डिप्लोमा कॅन्सल करता येतो का?" जशी काही ती हॉटेलची खोली होती. त्या हसल्या नाहीत. टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि तशीच बसून राहिले. शाळा सुटली. पाठीवर बॅगा टाकून पोरं येत होती, एकमेकांना ढकलत होती, एका मुलीच्या बुटाची लेस दुसरी बांधून देत होती. माझ्या गाडीमागं मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा मी निघाले.

इराला सांगितलं. ती "ओके" म्हणाली. मी म्हटलं, प्रायव्हेट शाळा बघू, दुसरं काही बघू, तू म्हणशील ते बघू. ती जिना चढत होती, अर्ध्यात थांबली. "आई, इथे राहिले की मला स्मार्टच असावं लागतं," ती म्हणाली. तिनं ते मराठीत म्हटलं, माझ्याशी भांडायचं नसलं की ती मराठीत बोलते. "तू काही बोलत नाहीस. पण तू बघतेस ना, तसं."

बघतच होते मी. ती बरी होतेय का ते बघता बघता, हुशारी परत येतेय का तेही बघत होते.

त्या दिवशी मी ताईला फोन केला. ताई वर्ध्याला बालवाडी चालवते, तिची मुक्ता इराच्याच वयाची. मी सगळं सांगितलं, दोन वर्षांत पहिल्यांदाच खरं. अण्णांना सांगायचं राहूनच गेलं. ते आदल्या हिवाळ्यात गेले, आणि त्यांचा अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर बघितला. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. बाहेर पडलो तर परत यायची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि तोवर नोकरी राहत नाही. मी अडवणाऱ्या माणसावर रागावले होते, आणि तो माणूस बरोबर होता. पण ते कबूल करायलाही आता मला त्याच्यासमोर जाता येणार नव्हतं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पाठवून दे तिला माझ्याकडे. मी काही तिला शिकवणार-बिकवणार नाही. राहील."

आमच्या घरात अमेरिकन पासपोर्ट फक्त इराकडे. ती जाऊ शकते, येऊ शकते. ऑगस्टमध्ये देशपांडे काकू नागपूरला जायच्या होत्या, त्यांच्याबरोबर ती गेली. ओहेअर विमानतळावर काकू मला म्हणाल्या, "मी आहे हो, काळजी करू नकोस." इरा या वेळी दोन्ही हातांनी बिलगली. वर्षभरात दुसऱ्यांदा मी तिला सोडून रिकाम्या गाडीनं घरी आले. फरक एवढाच, या वेळी मला अभिमान वाटत नव्हता.

त्याला आठ महिने झाले. ती सकाळी ताईच्या बालवाडीत पोरांची नाकं पुसते. संध्याकाळी मुक्ताबरोबर मैदानावर खो-खो खेळते. ताई सांगते, तिला अजिबात येत नाही. सगळ्यांत आधी बाद होते. "पण हसते कशी गं बाद झाल्यावर," ताई म्हणाली, "सगळ्या मैदानाला ऐकू येते." मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. मला तिचं तसं हसणं आठवेना. मी आठवून बघितलं, पार बूस्टर सीटच्या दिवसांपर्यंत गेले.

इथल्या मराठी आई-बापांचे मला अजून फोन येतात. कधी फ्रिस्कोहून, कधी कॅरीहून. "काकू, आमचा सेकंड ग्रेडमध्ये आहे, शाळेत बोअर होतो म्हणतो, तुम्ही ते ॲक्सिलरेटेड डिप्लोमाचं कसं केलंत?" मी करू नका असं कुणाला सांगत नाही. सगळी गोष्ट सांगते, काउन्सेलरच्या खोलीपर्यंत. बरेच जण मध्येच म्हणतात, "आमचा तसा नाहीये हो." मीही तसंच म्हटलं असतं.

इरा परत कधी येणार, मी आता विचारत नाही. एकदा विचारलं तर ती म्हणाली, "एवढ्यात नाही, आई." नाही म्हणायला शिकली, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आणि मी सिंकपाशी उभी राहून रडले. आनंदानं की दुःखानं, सांगता येत नाही. दुःखच जास्त होतं.

लोकं विचारतात, इंडिया की इथलं, घर कोणतं वाटतं? पूर्वी मी दोन्ही म्हणायचे. आता नेपरव्हिलचं घर म्हणजे चार बेडरूम, त्यांतली एक बंद. आणि वर्ध्याचं घर तर मी पंचविसाव्या वर्षापासून सुट्टीपुरतंच बघितलं, तिथं आता माझी लेक राहते आणि मी जाऊ शकत नाही.

परवा सकाळी साडेसातला तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे सहा. खेळ संपला होता, मागं पोरींचा गलका चालू होता. "काय करून राहिली, आई?" तिनं विचारलं. माझी अमेरिकेत जन्मलेली पोर मला वर्ध्याच्या बोलीत विचारत होती, आणि ती बोली माझ्या तोंडून केव्हाच गेलेली आहे. मी म्हटलं, काही नाही, डबा भरतेय. ती गुडघा कसा खरचटला ते सांगत होती, तेवढ्यात मुक्तानं हाक मारली.

"चल, ठेवते," इरा म्हणाली. "घरी जायचंय."

मी डब्याचं झाकण लावलं. मग म्हटलं, "जा बेटा. अंधार पडायच्या आत पोच."