अंगठ्याचा ब्लॉक

नव्वदच्या दशकात मी जुन्नर-आंबेगाव भागातल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. पहिल्या पानावर व्यंगचित्र असे. ते गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर काढी. चित्र छापायचा जस्ताचा ब्लॉक पुण्याहून बनून एसटीने येई, त्यामुळे दर आठवड्याला नवं चित्र शक्य नव्हतं. संपादकांनी यावर तोडगा काढला होता. नवा नगराध्यक्ष आला की पेंटर त्याच्या दालनात चहा पिऊन यायचा आणि त्याची एक खूण ठरवायचा. तिचा एकच ब्लॉक करायचा आणि मुदत संपेपर्यंत खालची ओळ बदलून तोच छापायचा. एकाची ढेरी होती, एकाचा काळा चष्मा. ढेरीवाल्यांनी आपलं चित्र फ्रेम करून बैठकीत लावलं होतं.

मग पद राखीव झालं आणि बौद्ध वस्तीतून निवडून आलेल्या एक बाई अध्यक्ष झाल्या. नवरा एसटीत मेकॅनिक. पेंटर चहा पिऊन आला आणि म्हणाला, "काय बी घावलं न्हाई राव. साधी बाई हाय. कागद वाचत बसली व्हती."

"अंगठा काढ," संपादक म्हणाले. "शाईत बुडवलेला. वर पदर दे."

पदभार घेताना बाईंनी केलेली सही मी पाहिली होती. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी ते सांगितलं नाही. चित्राखालची ओळ मीच लिहिली: 'ठराव मंजूर! कुठं उठवू?'

पुढच्या सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा मागच्या बाकांवरचे सदस्य अंगठे वर करून बसले. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो. हसलो.

तीन आठवडे तोच ब्लॉक छापल्यावर त्या प्रेसमध्ये आल्या. एकट्याच.

"भाऊ, मी सातवी पास हाय. नळाच्या लाइनीचा ठराव सोता वाचून सही केली. आता समदी म्हणत्यात, हिला वाचता येत न्हाई, नवऱ्यानं सांगितलं तिथं अंगठा दिला. त्याच्यावरून अविश्वास आणत्यात. सभेच्या आधी तेवढी दुरुस्ती छापा."

टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी प्रुफाच्या कडेला आपलं पूर्ण नाव लिहिलं.

संपादकांनी ते वाचलं. "बातमीला दुरुस्ती असते, ताई. चित्राला नसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रुफाची ती कड पट्टीने फाडली आणि पान मशीनवर पाठवलं.

अविश्वासाच्या सभेत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं तीन पानी उत्तर वाचायला घेतलं. पहिलं पान संपायच्या आत मागून आवाज आला, "पाठ करून आलीय रं!" सभागृह हसलं. ठराव मंजूर झाला. त्या अंकासाठी ब्लॉक शेवटचा वापरला. झिजल्यामुळे अंगठा जास्तच काळा उठला. पेंटरला आम्ही शाबासकी दिली.

पुढे साप्ताहिक ऑफसेट छपाईवर गेलं, ब्लॉक लागेनासे झाले. बाकीचे ब्लॉक मोडीत गेले. तो एक मी कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला.

दोन हजारनंतर कधीतरी मी घोडेगावला एका कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. पुढे त्या होत्या. माहेरच्या जमिनीच्या कामाला आलेल्या. खिडकीतला कारकून आमच्याच गावचा निघाला. त्याने अर्ज बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि हसत शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"या अध्यक्षीणबाई! उठवा."

त्यांच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. त्या बोलायला लागल्या, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आटपा की वो मावशे, लाइन लई मोठी हाय." त्यांनी वळून पाहिलं. मी दिसलो. ओळखलं.

पेनाला टोपण लावून त्यांनी ते पिशवीत टाकलं, अंगठा पॅडवर दाबला आणि अर्जावर उठवला.

"हे लवकर व्हतं, भाऊ," त्या मला म्हणाल्या आणि पदराला बोट पुसत निघून गेल्या.

कारकुनाने पॅड बाजूला सारलं आणि मला पेन दिलं.