खटला इथेच चालेल

ऑर्फा स्टिडम, आम्हा सगळ्यांची मावशी, एकतीस वर्षं आमच्या शाळेत स्वयंपाकाला होती. पूर्व केंटकीच्या या डोंगरात तिच्या हातचा मक्याचा पाव न खाल्लेलं माणूस सापडायचं नाही. नवरा बर्ल खाणकामगार. फुप्फुसांत कोळशाची धूळ बसलेली, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी.

ओहायोची एक खडी कंपनी त्यांच्या घरामागचा डोंगर भाड्याने मागायला आली, तेव्हा मावशीने करार वाचायला हर्शेल वकिलांना बोलावलं.

"उद्या भांडण झालं तर कुठं जायचं?" तिने विचारलं.

"दावा तुम्ही इथल्या कोर्टात लावाल," हर्शेल म्हणाले, "पण कंपनी परराज्यातली. ती खटला उचलून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेऊ शकते. तीन तासांवर, शहरात."

"बर्लला दारच्या पायऱ्या उतरवत नाहीत. कंपनी खटला तिकडे नेणार नाही असं लिहून घ्या."

हर्शेलनी हातानेच एक ओळ लिहिली: वाद याच काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात चालेल, तो फेडरल कोर्टात नेण्याचा हक्क कंपनी सोडत आहे.

कंपनीचा माणूस हसला. "काकू, आपण कशाला भांडतोय?"

"मग सही करायला तुझं काय जातंय?"

त्याने केली.

चार वर्षांनी सुरुंगांच्या दणक्यांनी घरामागचा झरा आटला. कंपनी म्हणाली, उन्हाळा कडक होता. मावशीने दावा लावला, आणि महिन्याच्या आत कंपनीने तो फेडरल कोर्टात नेलाच. नोटीस घेऊन ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. "नेला गं त्यांनी."

मी हर्शेलना फोन लावला. "नेऊ देत," ते म्हणाले. "सही त्यांचीच आहे."

फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी ती ओळ वाचली. कंपनीने स्वतःच, स्पष्ट शब्दांत हक्क सोडलाय, असं म्हणून खटला परत आमच्याकडे पाठवला. निकाल मीच मावशीला वाचून दाखवला. खटला परत पाठवल्याचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं आणि ॲप्रन डोळ्यांना लावला.

साक्षीच्या दिवशी कोर्टातल्या कारकून बाईंनी मागचं, बिनपायऱ्यांचं दार उघडून दिलं, म्हणून बर्लची चाकाची खुर्ची आत गेली. दम खात खात तो म्हणाला, "सदुसष्ट वर्षं बघतोय तो झरा. एकदाही आटला नाही."

"कुठे नोंद ठेवलीत?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"रोज प्यायचो की पाणी! लिहून कशाला ठेवू?"

ज्युरीतले सगळे हसले. त्यांनी कौल मावशीच्या बाजूने दिला. कंपनीला खोल विहीर खणून द्यावी लागली आणि त्या उतारावरचे सुरुंग बंद झाले.

पुढच्या मार्चमध्ये बर्ल गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, "माझं म्हणणं मला माझ्या तोंडाने सांगता आलं."

महिन्याभराने मावशीने त्या फेडरल न्यायाधीशांना पत्र लिहिलं. हर्शेल म्हणाले, "अशा पत्रांना ते उत्तर देत नसतात हो."

"उत्तर कोणाला हवंय?" ती पाकीट चिकटवत म्हणाली. "आभार मानायचे राहिले होते."