लाईट आली आणि मोटारी उठल्या

शिर्डीबाहेरच्या एका भक्तनिवासाचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, तिथं मी ऑपरेटर. काम साधं. टाकीतल्या घाण पाण्यात ब्लोअरनं रात्रंदिवस हवा सोडायची. त्या हवेवर जंतू जगतात आणि घाण खातात. वीज लई ओढतो हा ब्लोअर. बंद पडला की जंतू गुदमरतात, पाणी काळं पडतं. पण भाविकांच्या आंघोळी थोड्याच थांबतात? पाणी येतच राहतं आणि तसंच पुढं ओढ्यात जातं.

तोच ओढा खाली आमच्या रानाला लागून जातो. एरवी पाणी बरं असतं, म्हणून काठावरचे आम्ही सगळे ते मोटारीनं विहिरीत सोडतो. घरात प्यायलाही त्याच विहिरीचं. लाईटीचा काही नेम नाही, म्हणून प्रत्येक मोटारीला ऑटो. लाईट आली की माणूस नसला तरी मोटार आपोआप सुरू.

त्या दिवशी सकाळीच वाऱ्यानं खांब पडला. जनरेटर आधीपासून बिघडलेला. दुपारपर्यंत टाकीला असा वास सुटला की डोळे झोंबायला लागले. शेवटी लाईट आली. हुश्श करून ब्लोअरचं बटण दाबलं, तर लगेच ट्रिप. परत दाबलं, परत ट्रिप. व्होल्टेज पार खाली. साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या होत्या ना!

म्हणजे आमचीही उठली. घरी लेक बाळंतपणाला आलेली, पोर अजून महिन्याचंही नाही. बायकोला फोन लावला, तर मोबाईल बंद. सोबतच्या ऑपरेटरला प्लांटवर थांबवून मी गाडीला किक मारली.

विहिरीत पाइपातून काळं, फेसाळ पाणी धो धो पडत होतं. मोटार बंद केली आणि घराकडं पळालो. बायको सहाण धूत होती. बाळगुटी देऊन झालेली; बाळाच्या हनुवटीवर पिवळा ओघळ.

"गुटीला पानी कुठलं घेतलं?" मी केवढ्यानं ओरडलो! बाळ दचकून रडायला लागलं.

"आवो, डोस्कं फिरलं का तुमचं? आपल्या हिरीचं."

"कधी भरलं हुतं? सांग लवकर!"

"सकाळी. लाईट जायच्या आधी."

मी बाळाजवळ बसलो. त्या लेकराची हनुवटी पुसली, परत पुसली. रडूच फुटलं मला.

"आप्पा, काय झालं सांगा तरी," लेक म्हणाली.

सांगायला तोंड उघडलं आणि ऐकू आलं. आमची मोटार बंद होती, पण ओढ्याच्या काठानं बाकी सगळ्यांच्या चालूच होत्या. शेजारच्या वस्तीवर परवाच बारशाच्या घुगऱ्या खाऊन आलो होतो. मी तसाच अनवाणी पळत सुटलो.