जोडीचं फूल

दुकानात उरलेली फुलं आम्ही रोज संध्याकाळी गायीला घालायचो. किस्से कुणाला घालणार? ते साचत गेले. आता मी सांगायला बसलो की घरचे म्हणतात, "झालं सुरू!" होऊ दे.

बापूकाका म्हणजे माझे सख्खे काका. दरबारच्या बागेत गुलदस्ते बांधायचे. संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि काका घरी बसले. मी त्याच बागेत कारकून, मीही बसलो! मग आम्ही दोघांनी टॉवर चौकात फुलांचं दुकान खोललं.

तेव्हा नवीनच फॅशन आली होती, नवरीनं हातात गुलदस्ता धरून फोटो काढायचा. एका सासूबाईंनी भर मांडवात विचारलं, "सुनेच्या हातात झाडू कुणी दिला?" पुढच्या वर्षी त्याच बाई धाकट्या सुनेसाठी दुकानात हजर. "थोरलीपेक्षा मोठा पाहिजे हं!"

* * *

काकांची एक दरबारी सवय होती. गुलदस्ता बांधला की त्याच झाडाचा एक गुलाब मागे ठेवायचे. चहाच्या ग्लासात पाणी, त्यात फूल, ग्लासावर नवरीच्या नावाची चिठ्ठी. गुलदस्त्यातलं एखादं फूल कोमेजलं तर जोडीचं लावता यावं, एवढाच हेतू.

माधवनगरच्या एका लग्नाच्या दिवशी या जोडीच्या फुलानं सकाळीच मान टाकली. गुलदस्ता तर ताजातवाना होता, मी स्वतः पोचवून आलो होतो. दुपारी कळलं, नवरी मांडवात चक्कर येऊन पडली. अगदी त्याच सुमाराला! काका म्हणाले, "ऊन किती आहे बघ." ऊन होतं खरं. पण ग्लास सावलीत होता.

* * *

बातमी आमच्या फ्रीगंज वस्तीभर झाली. बायका भाजी आणायला निघाल्या की दुकानात डोकावायच्या. "काका, आमच्या सुनेचं फूल कसं आहे हो?" अहो, त्या सुनेच्या लग्नाला सहा महिने झालेले! काका भडकायचे, "हे दुकान आहे, पत्रिका बघायची जागा नाही!"

* * *

राजधानी भोपाळला गेली तेव्हाचं तर विचारूच नका. हपीसंच्या हपीसं हलली. पोरगा एकटा जायला नको म्हणून लोकांनी घाईघाईत लग्नं उरकली. एका दिवशी आमच्याकडे सहा गुलदस्ते होते. सकाळी बघतो तर फळीवर ग्लास सात! सातव्याला चिठ्ठी नाही. काका म्हणाले, "मी ठेवला नाही." मीही ठेवला नव्हता. फुलं बांधणाऱ्या रामप्यारीबाईंनी तर महाकालची शपथ घेतली, "मैंने तो हाथ भी नहीं लगाया, भैया!"

दुपारी एक गृहस्थ धापा टाकत आले. मुलाची बदली आत्ताच आली, लग्न आजच संध्याकाळी करायचं ठरलंय, गुलदस्ता मिळेल का? रामप्यारीबाई तशाच उठून घरी गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत.

* * *

आता शालूचं सांगतो. शालू काकांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, काकांनीच वेण्या घालून वाढवलेली. नवरामुलगा भोपाळला बदली झालेल्यांपैकीच. लग्नाच्या सकाळी काका मला म्हणाले, "हिचं फूल ठेवायचं नाही. मला काही बघायचं नाही." मी हो म्हटलं. आणि सवयीनं हातून ठेवलं गेलं! चिठ्ठीसुद्धा लिहिली मी, गाढवानं.

शालू गाडीत बसून सासरी गेली. दोन दिवसांनी काकांनी दुकान खोललं आणि त्यांना ग्लास दिसला. फूल पार वाकलं होतं. काकांनी चिठ्ठी वाचली आणि ग्लासातलं पाणी बदललं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी जावयाला तार केली. उत्तर नाही. "काका, तुम्ही भोपाळला जाच," मी म्हटलं.

"आणि मी गेलो तर याला कोण बघेल?"

चार दिवस ते ग्लासासमोर स्टूल टाकून बसले. सारखं पाणी बदलायचे, देठ नखभर कापायचे, पाकळ्यांवरून ओली बोटं फिरवायचे. मला तर त्यांच्याकडे बघवेना. चौथ्या दिवशी सकाळी फुलानं मान वर केली. इतकी वर्षं फुलांत काढली, तोडलेला गुलाब असा उठलेला मी पाहिला नाही.

मग जावयाचं पत्र आलं. शालूला पोचल्याबरोबर ताप चढला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तापात ती एकच बोलायची, 'बाबा उशाशी बसलेत, पाणी पाजतायत.' फुलानं मान वर केली त्याच दिवशी सकाळी ताप उतरला. आता पेज घेते.

वाचता वाचता मला रडूच फुटलं. काका मात्र म्हणाले, "तिची खाट खिडकीपाशी आहे, असं लिहिलंय का बघ."

मी पत्र पुन्हा वाचलं. मागची बाजूही बघितली. "नाही काका. कुठंच नाही."

"आहे," काका म्हणाले. "सकाळचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येतं. जावईबापूंना लिही, पडदा लावा म्हणावं."