आत्याच्या हाताची उंची

एकही खिळा न ठोकता पेरणीची तिफण घडवणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि ते म्हणजे आमचे आतोबा! आखाडा बाळापुरात एका शेठच्या कारखान्यात सुतार लाकूड तासायचा, लोहार फण ठोकायचा आणि आतोबा मध्ये उभे राहून दोघांच्याही शिव्या खायचे. शेतकऱ्याला काय हवं ते सुताराला सांगायचं, सुताराला काय जमत नाही ते शेठला सांगायचं, आणि शेठ काय बोलला ते मात्र गिळून टाकायचं, असली ती नोकरी. लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात तशीच धरून शेजारच्याला विचारायचे, "तिफणीची काय तकलीफ?" एकदा मयताला खांदा देताना पुढच्या खांदेकऱ्यालाही तेच विचारलं, तेव्हा आत्यानं अबोलाच धरला.

एका उन्हाळ्यात त्यांनी नवी तिफण काढली. बैल हाकणारे बाप्ये म्हणाले, बी सोडायचं लाकडी चाडं उंच करा, माती जाते त्यात. आतोबांनी चांगलं हातभर उंच केलं. झालं! गेलेली तिफण परत येऊ लागली आणि कारण कुणी सांगेना. शेठनं बजावलं, "मिरगाआधी खपल्या न्हाई तर घरी बसा." आतोबा जेवता जेवताही दारावरून जाणाऱ्याला तेच विचारू लागले.

शेवटी भाकरी थापता थापता आत्याच कडाडली, "साऱ्या मुलखाला इचारून राहिले तुमी! चाड्यावर मूठ धरून बी कोण सोडतंय? आमी बायाच ना? दिसभर हात वर धरून खांदा निखळतो. मला काहून न्हाई इचारलं?"

बायकोनं तिफण नापास केली, हे कोणता बाप्या भर बाजारात सांगेल! आतोबा उष्ट्या हातानं उठले, आत्याला अंगणात मूठ धरून चालायला लावलं, तिच्या हाताखाली काठी धरून खूण केली आणि कारखान्याकडे पळत सुटले. सुतारानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण चाडी खाली आली आणि तिफणी मिरगाआधी गेल्या.

आमच्या शेतात पेरणी लागली तेव्हा सुताराला मानाचा नारळ मिळाला, लोहाराला टोपी मिळाली. आतोबा धुऱ्याच्या बांधावर बसून नुसते चाड्यावर मूठ धरलेल्या आत्याच्या खांद्याकडे बघत होते.

"तुम्हाला काय मिळालं हो?" मी चिडवलं.

तेवढ्यात शेताच्या टोकाशी पेरणीचं तास संपवून आत्या वळली आणि तिथूनच ओरडली, "न्हाई दुखत ओ!"

"मिळालं की," आतोबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

आता दोघंही नाहीत. बाळापूरकडे कुठं पेरणी चाललेली दिसली की मी आधी चाडं बघतो. ते अजून आमच्या आत्याच्या हातापाशीच असतं.